खालचा आकडा वाचता आला पाहिजे

सर, तुमचा विभाग बंद झाला. नवे प्रवेश थांबवायचे असं दोन वर्षांपूर्वी वरून ठरलं, आणि यंदा गणपतीच्या सुट्टीत, विचारायला कोणी नसताना, स्थापत्यची प्रयोगशाळा रिकामी केली. तिथे आता संगणकाच्या मुलांची टेबलं येणार आहेत. थिओडोलाइटच्या, त्या मोजणीच्या दुर्बिणींच्या, पेट्या जिन्याखाली एकावर एक रचल्यात, सगळ्यात खाली तुमची, पितळी कडीची. ज्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसून आपण सगळे चहा प्यायचो, ते हायवेकडच्या खड्ड्यात गेले. मला राग आलाय. त्यांचा तर आहेच, पण आज तुमचा जास्त. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली म्हणून तुम्ही सुटाल असं समजू नका.

पालीचा सर्व्हे कॅम्प आठवतो? तुकडीत मी एकटी मुलगी, पुण्याच्या कॉन्व्हेंटमधून आलेली. वहीत खाडाखोड दिसली की आमच्या सिस्टर मार्क कापायच्या, त्यामुळे कंपासपेटीत खोडरबर कायम. दिवसभर गावच्या विहिरीपासून शाळेच्या पायरीपर्यंत उंची मोजत आणली, आणि संध्याकाळी हिशेब जुळेना, तेव्हा मी मधलं एक रीडिंग पुसलं आणि जुळेल असं दुसरं लिहिलं. शाळेच्या ओट्यावर बसून तुम्ही माझं फील्डबुक हातात घेता. गावामागच्या गडावर अजून ऊन आहे. पान त्या उजेडाकडे धरता.

"काय कॉन्व्हेंट, वही लई चकचकीत ठिवलीस." मुलं हसली. तुम्ही हसला नाहीत. "चुकलीस त्याचं काय न्हाई. पर चूक झाली ती जागाच पुसलीस. आता मागं कुठवर जायाचं आमी?" मग माझीच पेन्सिल घेऊन दाखवलंत. एक आडवी रेघ. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर खरा आकडा, शेजारी सही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी सगळं काम पुन्हा करायला लावलंत, आणि मोजणीची ती उंच पट्टी धरायला कोणाला पाठवलं नाहीत. डोक्यावर रुमाल टाकून स्वतः उभे राहिलात. कॅम्प संपताना तुमचं तरुणपणचं फील्डबुक मला दिलंत. पानापानावर आडव्या रेघा, शेजारी तुमची बारीक सही. मी इथेच शिकवायला आले तेव्हापासून ते माझ्या खणात आहे.

तिसऱ्या वर्षाला अकरा मुलं उरलीत. त्यांना मध्येच उचलून संस्थेच्या पुण्यापलीकडच्या कॉलेजात पाठवायचं ठरलंय. गेल्या सोमवारी प्राचार्यांनी कागद पुढे केला: सर्व विद्यार्थ्यांशी चर्चा झाली असून ते स्वेच्छेने जात आहेत. चर्चा कोणी कोणाशी केली नव्हती. "मॅडम, बाकीच्यांच्या सह्या झाल्यात. तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, आता कशाला ताण घेता?" विभागप्रमुख म्हणून मी सही केली. छान, कॉन्व्हेंटच्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी कागदाची प्रत नोटीस बोर्डावर लागली, आणि तिसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्या दाराशी येऊन उभी राहिली. पालीचीच, रोज एसटीनं येणारी. "मॅडम, खाली तुमची सही हाय म्हणून इचारते. आमच्याशी चर्चा कवा झाली?" मी टेबलावरचे कागद सारखे केले. तीच पुढे म्हणाली, "लांब हॉस्टेलवर घरचे धाडायचे न्हाईत. दिवाळी झाली की लगीन उरकत्याल." मी म्हटलं, बघते. "सगळेच बघतो म्हणत्यात, मॅडम," असं शांतपणे म्हणून ती निघून गेली.

तुमचा राग आला तो तेव्हा. चूक दिसू द्यायची, एवढंच तुम्ही शिकवलंत. ती दिसल्यावर माणसं आपल्याकडे कशी बघतात, ते का नाही सांगितलंत? तुम्हाला सोपं होतं. तुमच्या चुका आकड्यांच्या होत्या, एक दुपार उन्हात काढली की दुरुस्त व्हायच्या. या चुकीसाठी पट्टी धरून कोण उभं राहणार आहे? मी स्टाफरूममध्ये विचारलं, कोणी माझ्याबरोबर येतं का. ज्यांना मी शिकवून उभं केलं, ते कपातला चहा ढवळत बसले. एकाने तर बिस्किटाचा पुडा पुढे केला.

मग मी एकटीच कार्यालयात गेले आणि हेडक्लार्कांकडून मूळ कागद मागून घेतला. त्या ओळीवर एक आडवी रेघ मारली. वर लिहिलं, कोणाशीही चर्चा झालेली नाही. शेजारी सही केली, तारीख घातली.

"मॅडम, कागद खराब केला की वो," हेडक्लार्क म्हणाले. "नवा टाइप करून देतो, गपचूप सही करा."

"खालचं वाचता येतंय ना?"

"येतंय की."

"मग असू द्या."

कागद तसाच वर गेलाय. पुढे काय होईल, माहीत नाही. मला बोलावणं आलंय, उद्या अकराला. ती मुलगी आज वर्गात पहिल्या बाकावर बसली होती. माझ्याशी बोलली नाही.

हे पत्र तुमच्या फील्डबुकात ठेवते, दुसरं कुठे पाठवणार? पण त्या पानांमध्ये ठेवायचं तर एक गोष्ट लिहायला हवी. कार्यालयात जाताना माझ्या पर्समध्ये व्हाइटनर होतं. हेडक्लार्क चहाला उठतील म्हणून मी दहा मिनिटं दाराबाहेर थांबले होते. ते उठले नाहीत.