सदर व्यक्ती

सोमवार, ५ जानेवारी. संध्या. ६.१०

आज ठरवलं. साइट सांभाळणाऱ्या हर्षलला तिथून घालवल्याशिवाय राहणार नाही. त्याचं नाव या हाताने हे शेवटचं लिहिलं. यापुढे नुसतं 'तो'.

उज्जैनच्या राम घाटाजवळ आमच्या कंपनीचं यात्री निवास उभं राहतंय. सिंहस्थाच्या आधी पुरं व्हायला हवं. सकाळी भोपाळचे मोठे साहेब पाहणी करून गेले आणि मी, एकोणीस वर्षं या कंपनीचं ऑफिस चालवणारी बाई, फ्रीगंजच्या केबिनमध्ये फाइली लावत बसले होते. हार-नारळ घेऊन पोचले तेव्हा साहेबांची गाडी कोपऱ्यावर वळत होती.

शैलेंद्रने (मालक. त्याच्या वडिलांनी मला कामावर घेतलं तेव्हा हा शाळेत होता) सगळ्यांसमोर त्याला विचारलं, ताईंना फोन का केला नाही. त्याने खिशातून वही काढली आणि वाचून दाखवलं.

"अकरा नोव्हेंबर, दुपारी बारा वीस. ताई म्हणाल्या, मला जन्मात परत फोन करू नकोस."

सगळे हसले. बद्रीलाल मिस्त्री तर हातातली थापी खाली ठेवून हसला.

रागात माणूस काय वाटेल ते बोलतो. ते वेळेसकट लिहून ठेवणारा माणूस कसला असेल? (माझ्या नोव्हेंबरच्या रोजनिशीत बारा पंचवीस आहे. त्याचं घड्याळ मागे असणार.)

मंगळवार, ६ जानेवारी

५ फेब्रुवारीला वरच्या मजल्याचा स्लॅब. पूजा, पाहुणे, मजुरांचं जेवण, सगळं एकोणीस वर्षं माझ्या हातात. त्या दिवशी तो तिथे नसेल. आगर रोडच्या गोदामात सिमेंटच्या गोण्या मोजत असेल.

कसं, ते अजून ठरलेलं नाही. पण ठरलं.

शुक्रवार, ९ जानेवारी

शैलेंद्रची मावसबहीण ऋता पुण्याहून आली. कंपनीत नवीन उपक्रम सुरू करणार. तासभर बोलली. काही माणसांचा मेंदू वेगळ्या पद्धतीने चालतो. कुणाला आवाज सोसत नाही, कुणी शब्द जसाच्या तसा घेतं, ठरलेलं बदललं की कुणी कासावीस होतं. न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात. बांधकामात असे पुष्कळ आहेत, मजुरांत आणि साहेबांतही. त्यांना दुरुस्त करायचं नाही, आपल्या कामाची रीत बदलायची. सूचना लेखी द्यायच्या, बदल आधी सांगायचा, शांत जागा द्यायची.

त्यासाठी एक अर्ज आहे. ज्याचा त्यानेच भरायचा, दुसऱ्याने कुणाचा भरायचा नाही, हे तिने तीनदा सांगितलं. असल्या अटी नवख्या लोकांसाठी असतात.

अर्जात शेवटचा रकाना: 'कोणती मदत हवी?' गोदामाचा रस्ता मला तिथेच दिसला.

सोमवार, १२ जानेवारी

निरीक्षण सुरू. साइटवर दोन तास.

तो बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही. मिक्सर चालू झाला की कानांवर मोठी टोपणं चढवतो. रोज दहीभातच खातो. पेन्सिली लांबीप्रमाणे लावतो.

(मीही डोळ्यांत बघत नाही, पण ती शिस्त आहे. बघितलं की लोक गप्पा सुरू करतात.)

केबिनमधल्या ट्यूबलाइटच्या गुणगुणीबद्दल आज पंधरावी तक्रार दिली. म्हणे कुणालाच ऐकू येत नाही. या ऑफिसात सगळ्यांचे कान खराब आहेत.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. सगळ्यांना तिळगूळ दिला, त्यालाही. शत्रूला बेसावध ठेवावं. त्याने घेतला, आणि गोड बोलण्याची खात्री देता येणार नाही म्हणाला.

टिपून ठेवलं.

शनिवार, १७ जानेवारी

वाया गेलेला दिवस. पोहेवाल्याचं दुकान बंद, घरात लग्न म्हणे. आदल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? आठ चाळीसला मी पोहे खाते. शेजारच्या दुकानात तेच पोहे मिळतात असं उषा (अकाउंट्सची) म्हणाली. तेच नसतात. घरी परत गेले. छुट्टी टाकली.

मंगळवार, २० जानेवारी

अकराची मीटिंग ऐनवेळी साडेअकरावर ढकलली. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला, वही उघडत-मिटत राहिला. ठरलेलं बदललं की याचा तोल जातो! महत्त्वाचा पुरावा.

मी अकराला जाऊन रिकाम्या खोलीत अर्धा तास बसले. तत्त्व म्हणून.

शुक्रवार, २३ जानेवारी. सकाळी ७

आज अर्ज लिहिला. नऊ मुद्दे. शैलीवर मी खूश आहे.

ऑफिसचा सगळा कारभार हिंदीत चालतो, पण हा अर्ज मुद्दाम शुद्ध मराठीत लिहिला. उज्जैनची मराठी म्हणजे हिंदीची खिचडी असं पुण्याच्या लोकांना वाटतं. १९८८ साली मी मराठी घेऊन बी.ए. झाले आहे, हे ऋताला कळू दे.

त्याचं नाव लिहायचं नाही, ही शपथ. 'सदर इसम' लिहिलं होतं, पण पोलिसी वाटलं. 'सदर व्यक्ती' केलं. भारदस्त. 'सदर व्यक्ती कोणाच्या डोळ्यांत पाहत नाही. ती रोज एकच पदार्थ खाते. आवाजाने ती त्रस्त होते. ठरलेली वेळ बदलल्यास ती अस्वस्थ होते. ती मनात येईल ते तोंडावर बोलते.' वाचताना माझाच ऊर भरून आला.

'कोणती मदत हवी?' इथे खरा वार. 'सदर व्यक्तीला गर्दीपासून दूर शांत खोली द्यावी. साइटवरच्या जबाबदाऱ्यांतून, विशेषतः स्लॅबच्या दिवशी, तिला मुक्त करावे. तिच्याशी बोलण्यासाठी एकच माणूस नेमावा.'

खाली माझी सही. सहीशिवाय मी कागद सोडत नाही.

मंगळवार, २७ जानेवारी

अर्ज दिला. गोदामात त्याच्यासाठी एक स्टूल पाठवलं. एक पाय आखूड असलेलं.

गुरुवार, २९ जानेवारी

ऋता केबिनमध्ये आली. डोळे ओले. असा प्रामाणिक अर्ज तिने आजवर वाचला नव्हता म्हणे. फार धीर लागतो, म्हणाली. मी म्हटलं, कुणीतरी पहिलं पाऊल टाकायला हवं. तिने माझा हात धरला (मला आवडत नाही). हे सगळ्यांना सांगितलं तर चालेल का, विचारलं. म्हटलं, अवश्य, लाउडस्पीकर लावून सांग.

विजय.

सोमवार, २ फेब्रुवारी. रात्रीचं जेवण नाही

अकराला मीटिंग, अकरालाच सुरू झाली. ऋताने माझा अर्ज वाचला आणि म्हणाली, विनोदिनीताईंनी स्वतःबद्दल हे लिहिलं, त्यांच्यासाठी टाळ्या.

मी कागद ओढून घेतला. ती खाते. ती त्रस्त होते. ती बोलते. मराठीत व्यक्ती स्त्रीलिंगी. हिंदीत लिहिलं असतं तर पुल्लिंगी झाली असती, आणि आज तो गोदामात असता. शुद्ध मराठीने माझा घात केला.

उठून सांगणार होते, हे माझ्याबद्दल नाही. पण मग कुणाबद्दल? दुसऱ्याचा अर्ज भरलात कशाला? आणि बी.ए. झालेल्या बाईने लिंग चुकवलं? नाही चुकवलं. हीच तर पंचाईत आहे. व्याकरणात एक चूक नाही.

कुणाला आश्चर्य वाटलं नाही, हे सगळ्यांत वाईट.

बद्रीलाल म्हणाला, "दीदी तो शुरू से ऐसी हैं। दस बजे तक इनसे कोई बात नहीं करता, ये तो हम नए मजदूर को पहले ही दिन बता देते हैं।"

दहापर्यंत माझा धाक असतो, असं मी समजत होते.

उषाने सांगितलं, मीटिंगची वेळ बदलली की ती मला आधी चिठ्ठी ठेवते. वीस तारखेची तेवढी राहिली, सॉरी. पोहेवाल्यानेही लग्नाची खबर आदल्या दिवशीच शिपायाकडे दिली होती. शिपाई विसरला. म्हणजे एकोणीस वर्षं ही माणसं मला सांभाळून घेतायत आणि मला वाटतंय मी ऑफिस चालवते.

मग तो उठला. भिंतीकडे बघत म्हणाला, नऊपैकी आठ गोष्टी त्यालाही लागू पडतात. नोकरी जाईल या भीतीने त्याने अर्ज भरला नव्हता. ताईंनी भरला हे ऋताकडून कळलं, म्हणून काल रात्री त्यानेही भरला. शैलेंद्रने तिथेच मंजूर केला. यापुढे त्याला सूचना लेखी, बदल एक दिवस आधी, साइट त्याच्याकडेच.

माझाही मंजूर. शब्दशः. शांत खोली. स्लॅबच्या दिवशी सुटी. बोलायला एकच माणूस.

त्यासाठी तो स्वतःहून पुढे आला.

गुरुवार, ५ फेब्रुवारी. दुपारी ४.२०

स्लॅबचा दिवस. पूजा उषाने केली. मी मागच्या नव्या खोलीत. बसायला गोदामातलं स्टूल पाठवलंय, चौथ्या पायाखाली फळीचा तुकडा ठोकून सरळ केलेलं. ते कुणाचं काम, मी विचारलं नाही.

सकाळी दारात उभा राहून त्याने विचारलं, अकरा नोव्हेंबरची सूचना रद्द झाली का. झाली असेल तर लेखी हवं. मी लिहून दिलं, 'सदर व्यक्तीस फोन करण्याची परवानगी आहे.' त्याने कागद परत केला.

"सदर म्हणजे कोण, ते कळत नाही. नाव लिहा."

लिहिलं. हर्षल. याच हाताने.

चारला त्याचा फोन आला. स्लॅब पुरा, लेव्हल बरोबर, कुणाला इजा नाही. नमस्कार नाही, कशा आहात नाही, फोन ठेवला. सतरा सेकंद. इतका चांगला फोन मला आजवर कुणी केलेला नाही.

इथे ट्यूबलाइट नाही, साधा दिवा आहे. गुणगुण नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा दुपारी चारला डोकं दुखत नाहीये.

माझं हे असं या लोकांनी करून ठेवलंय. एकेकाला बघून घेईन. दहानंतर.