सहा वाजताची यादी

आबा, शनिवारी मी दवाखान्याच्या कॉम्प्युटरवरचं तुमचं खातं बंद केलं. तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली, तरी ते चालू होतं. जुन्या सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने त्याची दुरुस्ती कधीच थांबवली आहे. आता त्यात कुठे भोक पडलं तर बुजवायला कोणी येणार नाही, आणि आत सगळ्या पेशंटची माहिती. म्हणून सगळं नव्या सर्व्हरवर हलवायचं काम ट्रस्टने माझ्यावर सोपवलं. मीच बैठकीत ठासून सांगितलं होतं, की जो माणूस आता इथे कामाला नाही त्याचं एकही खातं पुढे न्यायचं नाही. असं खातं म्हणजे कुलपात किल्ली विसरलेलं दार. मग खात्यांची यादी काढली. तुमच्या नावापुढे लिहिलं होतं: शेवटचा वापर, आज सकाळी सहा वाजता.

मी खुर्ची मागे सरकवली. दुसऱ्या दिवशी पाहिलं, पुन्हा सहा. डायलिसिसच्या मोठ्या सिस्टरना विचारलं, सकाळी सहाला कॉम्प्युटरवर कोण बसतं? त्या हसल्या. "कोन म्हंजे? तुजे आबाच की." त्यांनी त्या दिवसाच्या पेशंटची छापील यादी पुढे केली. खाली बारीक अक्षरात तुमचं नाव. "रोज येतंय बाई. आमी म्हनतो, मानूस गेला पर ड्युटी न्हाई चुकवली."

मला हसता आलं नाही, कारण तेव्हाच आठवलं. हे मीच केलं होतं.

आठवणीत मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दिवाळीची सुट्टी आहे आणि तुम्ही मला सर्व्हरची खोली दाखवायला आणलं आहे. चपला तुम्ही दाराबाहेर काढता. सर्व्हरच्या पत्र्यावर दसऱ्याचं हळदीकुंकू अजून आहे. यादी वेळेवर निघावी म्हणून जुन्या डॉक्टरांनी तुम्हाला, शिपायाला, खातं दिलं, आणि वडिवळ्याहून पाचला सायकल काढून तुम्ही ती एक दिवस चुकवली नाही. एका बोटाने अक्षरं शोधत तुम्ही यादी छापता आणि माझ्याकडे बघता. "बघितलंस? ही निगाल्याबिगर तितं एक सुई टोचत न्हाईत." आणि मी, आपल्या घरातली पहिली कॉलेजात गेलेली, म्हणते, "आबा, एवढ्यासाठी माणूस कशाला लागतो?" तुमच्याच खात्यातून दहा मिनिटांत मी वेळ लावून ते काम मशीनवर सोपवलं. वाटलं, केवढी भेट दिली तुम्हाला, सकाळची झोप! तुम्ही म्हणालात, "लय हुशार झालीस," आणि चपला घालायला जरा जास्तच वेळ घेतलात.

झोपला मात्र नाहीत. पुढची दोन वर्षंही पाचलाच निघत होतात. आई चिडायची, तर म्हणायचात, "कागद आला का न्हाई ते बघाया नगो व्हय कुनी?" एकदा मी पाहुण्यांसमोर म्हटलं, "मशीन विसरत नाही, आबा." तुम्ही चहा संपवलात आणि सायकल पुसायला गेलात.

शनिवारी दुपारी सगळं हललं. यादीचं काम मी कुणाचंच नाव नसलेल्या खात्यावर लावलं. तुमचं नाव तसंच पुढे नेलं असतं तर कोणी विचारलं नसतं. सिस्टर म्हणाल्यासुद्धा, "ऱ्हाऊ दे की गं, त्येंचा काय तरास हाय?" त्रास नव्हता. पण नियम मीच केला होता, आणि त्या कागदावर ज्यांची नावं असतात त्यांच्यासाठी केला होता. बंद करायचं बटण दाबलं, आणि मग लक्षात आलं, की मी चपला बाहेर काढून आले आहे.

यादी तीन वेळा छापून पाहिली होती, तिन्ही वेळा बरोबर आली. तरी सोमवारी पहाटे मी प्रिंटरपाशी उभी होते. सहाला कागद आला. नावं बरोबर, खालची जागा कोरी. सिस्टरनी त्या कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवला आणि यादी घेऊन गेल्या.

हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही, म्हणून वहीतच राहील. एवढंच सांगते. गेटवरच्या मामांनी विचारलं, "ताई, येवढ्या सकाळी?" मी म्हटलं, "टेस्टिंग आहे." टेस्टिंग शनिवारीच संपलं होतं. आज गुरुवार आहे, आणि मी त्यांना रोज तेच सांगते आहे.