वहीतला लाल ठिपका

मंगळवार, संध्याकाळ. भांडुप.

वही समोर टेबलावर आहे, उघडवत नाही. या दवाखान्याच्या ॲपसाठी तीन आठवडे सगळ्यांना विचारत फिरले, तुम्हाला काय हवंय. डॉक्टरांना दर दहा मिनिटांनी एक पेशंट, मध्ये खंड नको. त्यांच्या मुलाला रिपोर्ट मोबाइलवर. खालच्या मेडिकलवाल्याला औषधांची चिठ्ठी पेशंटच्या आधी. प्रत्येकाचं कामच पहिलं. कसंबसं समजावून गेल्या महिन्यात ॲपमध्ये काय काय असेल त्या यादीवर सह्या घेतल्या.

आणि आज रिसेप्शनवरच्या लताताईंच्या नंबर लावायच्या वहीत काही नावांपुढे लाल ठिपका दिसला. हे काय, म्हटलं.

"ज्यांना जिना चढवत नाही ना, ते. रिक्षा आली की डॉक्टर खाली उतरतात, रिक्षातच तपासतात."

लिफ्ट नाही हे मला रोज दिसत होतं. मीही तोच जिना चढत होते. दर दहा मिनिटांच्या गणितात डॉक्टर उतरणार कधी?

"मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस, तुम्हाला काय हवंय. मला काहीच नको होतं गं."

माझा मॅनेजर मंदार फोनवर म्हणाला, "सह्या झाल्यात यार, आता यादी उघडू नकोस. पुढच्या व्हर्जनला बघू." म्हणजे सहा महिने. ॲप उद्या सुरू होतंय. लाल ठिपक्याला त्यात जागाच नाही. मी वाद का नाही घातला?

निघताना लताताईंनी वही माझ्या हातात दिली. "आता ही लागणार नाही ना?"

मी "नाही" म्हणाले.