सदतीस अंश

१९ ऑगस्ट

ती. ताईस नमस्कार.

इकडे सगळं बरं. आईचा गुडघा आता जरा हलका आहे. प्रयोगशाळेत रंगकाम काढलंय, नुसता डोक्याला ताप. हे काय लिहीत बसलोय मी! मूळ गोष्टीला हात घालायची छाती होत नाही.

तुझी ठमी जुलाबांनी गेली त्या आठवड्यात तुझ्या सासूबाई येईल त्याला सांगत होत्या, सुनेने आळस केला, पाणी उकळलं नाही. तू खाली मान घालून ऐकत होतीस. मी शेजारीच होतो, मूग गिळून.

उकळू नकोस असं मीच तुला सांगितलं होतं. तू ते कोणापाशीच बोलली नाहीस, भाऊजींनाही नाही.

त्याआधी तुमच्याच नळाचं पाणी पिणाऱ्या शेजारच्या शिंपिणीच्या मुलाला जुलाब लागले, त्याचा नमुना माझ्याकडेच आला होता. या जुलाबाच्या जंतूच्या अंगावर बारीक केस असतात. त्यांनी तो आतड्याला चिकटतो आणि माणसाला पिळून काढतो. केस आहेत का ते बघायला आम्ही काचेवर औषधाचा थेंब घालतो. गुठळ्या झाल्या तर आहेत. पण हे केस फुटतात अंगाच्या उबेतच. म्हणून जंतूंची बशी ऊबपेटीत वाढवायची, सदतीस अंशांवर. त्या दिवशी पेटी भरलेली होती. मी बशी बाहेर टेबलावर ठेवली. म्हटलं, वाढायचं ते वाढेलच.

वाढलंही. गुठळी झाली नाही. ‘साधा जंतू’ लिहून मी मोकळा झालो आणि तुला फोन केला.

तू विचारलंस, “नक्की ना रे? ठमी आता वरचं पाणी प्यायला लागलीय.”

मी हसून म्हटलं, “ताई, माझं रोजचं काम आहे हे.”

ठमी गेल्यावर चौथ्या दिवशी तोच जंतू मी पेटीत वाढवला. थेंब पडताच नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या. गल्लीत पाणी उकळायची सूचना त्याच दिवशी गेली. चूक कोणाची, ते मात्र मी महिनाभर दडपलं. लाज वाटते गं.

आज वरिष्ठ बाईंना लेखी दिलंय. नोकरीचं होईल ते होईल.

हे पत्र तू घरात दाखवणार नाहीस, मला पाठीशी घालशील. लहानपणापासून तेच करत आलीस. म्हणून याचीच दुसरी प्रत भाऊजींच्या नावाने टाकली आहे. सासूबाईंनाही वाचून दाखवा, असं वर लिहिलंय.

आता तरी माझ्यावर रागाव, ताई.

‘तुझा’ लिहायला हात धजत नाही.

ठमीचा मामा