तुझ्या ताईचं कच्चं खाणं

मंगळवार, ता. ९
दुपार, दुकान बंद असताना

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक आहोत. तुझं मावशीकडून कळतं. डोळ्यांचा पिवळेपणा वाढलाय म्हणे, आणि जिन्यात मधेच बसावं लागतं. तू आमचा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडायचं म्हटलं तरी आधी ते हातात घ्यावं लागतं, तेव्हा चार ओळी तरी तुझ्या नजरेखालून जातीलच.

बेकरी बरी चाललीय. भट्टीचं दार पुन्हा कुरकुरायला लागलंय आणि मी पुन्हा उद्या बघतो म्हणतोय. समोरच्या शाळेतली मुलं अजूनही मधल्या सुट्टीत केकच्या कडा मागायला येतात. तुझी ताई देते. फक्त आता स्वतः एकही खात नाही.

तुला खरं वाटणार नाही, पण तुझी ताई कच्चं खायला लागलीय. गाजर, काकडी, कोबी, बीट, सफरचंद, भिजवलेले दाणे. विस्तवावर चढलेलं काहीही नाही. जिने लोणी लावल्याशिवाय कधी पावाकडे बघितलं नाही, ती भट्टीपुढे उभी राहून कोबीचं पान चावते. गिऱ्हाइकांना आधी वाटलं, तिचं माझ्याशी भांडण झालंय.

हे खूळ डोक्यात घातलं शेजारच्या शिंपीणबाईंनी. त्यांचं म्हणणं, कच्च्या अन्नात एन्झाइम जिवंत असतात, शिजवलं की मरतात, आणि ते जिवंत पोटात गेले की वजन आपोआप उतरतं. मी विचारलं, मग आमचा पाव म्हणजे काय मढं का? त्या चार दिवस पाव घ्यायला आल्या नाहीत. पुढे ताईने डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या हसल्या. म्हणाल्या, त्या एन्झाइमना तुमच्या पोटातलं आम्लच पचवून टाकतं, त्यांच्या भरवशावर राहू नका. पण केक सुटत असेल आणि भाजी वाढत असेल तर माझी ना नाही, फक्त दही आणि अंडं घ्या, नाहीतर चक्कर येऊन पडाल. त्या दिवसापासून दही घेते. अंडं उकडावं लागतं, म्हणून त्याला मात्र पुष्कळ दिवस तयार नव्हती. शेवटी तेवढी सूट दिली तिने, अंड्याला. एन्झाइमबद्दल आता विचारलं तर म्हणते, "गेले उडत. वजन उतरतंय ना?"

आणि उतरलंय, बाबा. दुकानाच्या एप्रनचे बंद पूर्वी पाठीमागे जेमतेम गाठीला पुरायचे, आता फिरवून पुढे बांधते. गालांची हाडं दिसतात. मधे एकदा आरशासमोर उभी राहून मला म्हणाली, मी आईसारखी दिसायला लागले. खरंच दिसते.

पण खरी पंचाईत झाली ती चवीची. तुला माहीत आहे, आमच्याकडे पहिला घाणा उतरला की तुझी ताई एक तुकडा तोंडात टाकणार, डोळे मिटणार, आणि मग ठरणार पीठ कसं जमलंय ते. तिने खाणं सोडलं आणि चव घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मला काय, सगळंच आवडतं. एका सकाळी मी झकास म्हणून मोकळा झालो आणि अख्खा घाणा गावभर गेला. त्यात मीठच नव्हतं. दुपारपर्यंत पाव परत यायला लागले. एका मास्तरांनी तर लांबूनच मला जीभ काढून दाखवली.

दुसऱ्या दिवसापासून तिने स्वतःच सुरुवात केली. गरम पावाचा तुकडा तोंडात घेते, नीट चावते, डोळे मिटते, आणि मग मोरीपाशी जाऊन थुंकते. चूळ भरते. म्हणते, साखर अर्धी मूठ कमी करा. रोज पहाटे, उपाशीपोटी, ताज्या पावाच्या वासात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तोंडात बोटं घातली. मला एक दिवस जमलं नसतं. इतकी वर्षं संसार केला, पण ही बाई एवढी चिवट आहे हे मला ठाऊक नव्हतं.

आता तू विचारशील, वजनाचं एवढं काय पडलं होतं हिला? सांगू नको म्हणून तिने बजावलंय. मी इतके दिवस मूग गिळून बसलो.

तुझ्यासाठी यकृताचा तुकडा द्यायला ती तयार झाली, तपासण्या झाल्या, आणि नंतर तुला एवढंच कळलं की ताईचं जमत नाही. तू मावशीला म्हणालास, घाबरली असेल, तिचाही संसार आहे. डॉक्टरांना म्हणालास, तिचं नाव माझ्यासमोर काढू नका. ते तिच्या कानावर आलं. त्या दिवशी ती नुसतं पीठ मळत राहिली.

ती घाबरली नव्हती रे. तिच्याच यकृतात चरबी निघाली. त्याच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असलं यकृत देता येणार नाही, आधी वजन उतरवा, मग बघू. ती तुला हे का सांगत नाही म्हणून मी तिच्याशी भांडलो. तर म्हणाली, "आणि नाही उतरलं तर? त्याला दोनदा आशा दाखवून दोनदा काढून घ्यायची का?"

काल पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी स्वतः बाहेर येऊन सांगितलं की चरबी गेली, आता चालेल. तुझी ताई बाकावर बसली आणि रडली. मीही रडलो, पण माझं रडणं निव्वळ आनंदाचं नव्हतं. ऑपरेशन तुझं तसं तिचंही आहे. तिला म्हटलं, एवढं सगळं ठरवताना मला विचारलं नाहीस. ती म्हणाली, "विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात?" मी म्हटलं, नसतो म्हणालो. "मग?" म्हणाली, आणि ट्रे पुसायला गेली.

आता सगळं तुझ्या होकारावर अडलंय. घेणाऱ्यानेच नाही म्हटलं तर डॉक्टर पुढे जात नाहीत. माझी एकच विनंती आहे, तिचं घे. मला भीती वाटते हे तुला कळावं म्हणून लिहिलं, तू नाही म्हणावंस म्हणून नाही.

तुझा,
भाऊजी

हे खालचं मी लिहितेय. पाकीट चिकटवायला ह्यांना जमत नव्हतं, म्हणून माझ्या हाती आलं. वाचलं. सांगू नका म्हटलेलं सगळं लिहून ठेवलंय. फाडणार होते.

तुला नाही म्हणायचं असेल तर फोनवर म्हणू नकोस आणि मावशीकरवी निरोप पाठवू नकोस. इथे ये, माझ्यासमोर बस, आणि माझ्या तोंडावर म्हण. तुझ्याच्याने होणार नाही ते.

वाट बघतेय.

तुझी न घाबरलेली,
ताई