पिवळं वेटोळं विझेपर्यंत

प्रिय वायसर,

हे नाव तुझ्या बाबांनी ठेवलं, मी कधी वापरलं नाही. तू सहा वर्षांची होतीस. ते गाडीखाली पाठीवर पडलेले असायचे आणि तू त्यांना हवा तो पान्हा न चुकता हातात द्यायचीस. मग ते गिऱ्हाइकांना सांगायचे, वायसर केवढीशी असते, पण नसली की सगळं इंजिन गळतं. आज मीच ते नाव लिहिलं. लिहून झाल्यावर खोडावंसं वाटलं, पण राहू दिलं.

तुझा तक्ता मिळाला. माझ्या चष्म्याचा विचार करून मोठ्या अक्षरांत छापलास, बरं केलंस. चार रकाने: नवी हायब्रिड, तिचंच पाच वर्षांपूर्वीचं मॉडेल, नवी डिझेल, आणि शेवटी नुसतं 'आपली'. पुढच्या शनिवारी शोरूमचा माणूस येणार, जुनी नेणार, नवी ठेवून जाणार, तूही येणार. त्याआधी मी हो की नाही ते सांगायचं आहे. आज बुधवार. सकाळपासून तीनदा मशीनवर बसले नि तीनदा उठले. एका सीटकव्हरची पट्टी उलटी शिवली, ती उसवताना सुई मोडली. दारापर्यंत जाते, गाडीकडे बघते, परत येते. चहा ठेवला होता, तो आटून गेला. फोन करावा म्हटलं, पण फोनवर तू घाईत असतेस आणि मी शहाणी होते. कागदावर तसं शहाणं होता येत नाही.

तर पहिल्यांदा गाड्यांचं. तू म्हणालीस म्हणून मी शोरूममध्ये जाऊन आले, एकदा नाही, दोनदा. तिथला विक्रेता तुझ्यापेक्षाही लहान असेल. मला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं आणि बटण दाबा म्हणाला. मी दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा तो हळूच म्हणाला, काकू, गाडी पहिल्यांदाच चालू झाली होती, दुसऱ्यांदा तुम्ही बंद केलीत आणि आता परत चालू झालीय. तोपर्यंत मी मॅडम होते, त्या क्षणापासून काकू झाले. चालवताना डावा पाय सारखा क्लच शोधत होता. घरात वर्षानुवर्षं जिथं पाट ठेवलेला असतो तिथून तो कुणी उचलला की आपण हवेत बसायला जातो ना, तसं. पण गाडी गुणी आहे, हे मान्य करते. ब्रेक लावला की वाया जाणारा जोर बॅटरीत साठतो हे मी आधी मासिकात वाचलं होतं, पण समोरच्या पडद्यावर बाण उलटे फिरताना पाहिले तेव्हा खरं समजलं. मी मनात म्हटलं, हे तर संसारासारखं झालं, थांबण्यातनंही काहीतरी उरवायचं.

मग मी माझ्या पद्धतीनं तपासणी केली. विक्रेता मायलेज सांगत होता आणि मी मागच्या सीटवर हात फिरवत होते. मागच्या सीटच्या कुशीला एक जाळी आहे. खाली बॅटरी असते, ती तिथून श्वास घेते. मी त्याला विचारलं, तुमच्याकडून कव्हरं घालून देता तेव्हा ही जाळी मोकळी सोडता ना? तो गोंधळला. आतून तिथल्या कव्हरवाल्याला बोलावून आणलं, तर त्या पठ्ठ्यानं दोन गाड्यांच्या जाळ्या झाकूनच टाकल्या होत्या. त्याला तिथंच कापायला लावलं. मी परत मॅडम झाले.

पाच वर्षांपूर्वीचं मॉडेल बाद. तू तक्त्यात लिहिलंयस की ते 'किफायतशीर', पण त्यात बॅटरी डिकीत येऊन बसलीय. माझे फोमचे गठ्ठे काय मांडीवर घेऊन जाऊ? नवीत तसं नाही, हे तू तक्त्यात लिहायला विसरलीस. माझ्या लेखी तोच मोठा फरक. नवी डिझेलही बघितली, शेजारच्याच शोरूममध्ये. चढावर ती अशी ओढते की विचारू नकोस, आणि रोज लांबचा पल्ला असता तर मी डोळे मिटून तीच घेतली असती. पण तिच्यात धुराची काजळी अडवणारी चाळणी असते. ती साफ राहायला गाडी अधूनमधून लांब पळवावी लागते. माझं जाणं-येणं कापडाच्या दुकानापर्यंत आणि वाचनालयापर्यंत. म्हणजे चाळणी तुंबू नये म्हणून मी दर आठवड्याला तिला उगाच हवा खायला नेऊ? तेवढी लाडाची माणसं आता घरात नाहीत. शहरातल्या थांबत-थांबत जाण्याला हायब्रिडच बरी, तुझं बरोबर आहे. मोकळ्या रस्त्यावर तिचा फायदा उतरतो, तेही तू प्रामाणिकपणे लिहिलंस.

राहिली 'आपली'. त्या रकान्यात तू सगळीकडे फुल्या मारल्यास. धूर, आवाज, वय, सुटे भाग. मी वाद घालत नाही. तिचा आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यात खडे. गल्लीतली मांजरंही तिला ओळखून बाजूला होतात. पण एक गोष्ट तुझ्या तक्त्यात बसणारी नाही, ती सांगते. किल्ली अर्धी फिरवली की समोर पिवळं वेटोळं पेटतं. डिझेल इंजिनाला आतून ऊब देणारे हीटर प्लग तापेपर्यंत थांबायचं, वेटोळं विझलं की मग पुढे किल्ली. दहा सेकंद, थंडीत पंधरा. तुझे बाबा दिवसभर इंजिनांशी बोलायचे आणि घरी आले की मुके. पण त्या दहा सेकंदांत ते बोलायचे. हात किल्लीवर, नजर वेटोळ्यावर, आणि तोंडातून जे काय मनात असेल ते. तुला लांबच्या कॉलेजात पाठवायचं त्यांनी तिथंच कबूल केलं. माझ्या आईच्या आजारपणात आपण कमी पडलो, हेही तिथंच म्हणाले, चार वर्षांनी. मी उत्तर द्यायला तोंड उघडीपर्यंत वेटोळं विझायचं आणि इंजिन धडधडायला लागायचं. त्यांनी ते बरोबर साधलेलं होतं, लबाड माणूस. मीही मग माझं बोलणं दहा सेकंदांत बसवायला शिकले. नव्या गाडीत बटण दाबलं की झालं. माणसानं बोलायचं कधी?

हे वाचून तू म्हणशील, आई, गाडीत जीव अडकवू नकोस. नाही अडकवलेला. वाचनालयातल्या बाईंनी छेडलं तेव्हा त्यांनाही मी तेच सांगितलं. मला बेचैन करतंय ते दुसरंच.

मघाशी उठून पुन्हा तक्ता बघून आले. सोमवारपासून तो मशीनसमोर टाचणीनं लावलाय. माणूस गाड्यांची तुलना करतो तेव्हा पहिली ओळ किमतीची असते, नाहीतर मायलेजची. विक्रेत्याच्या कागदावर तसंच होतं, मासिकातही तसंच. तुझ्या तक्त्यात पहिली ओळ आहे, 'थंडीत सुरू होण्याची खात्री'. नव्या हायब्रिडपुढे तू पेनानं दोन बरोबरच्या खुणा केल्यास. आणि 'आपली'पुढे फुली इतकी दाबून काढलीस की कागद फाटलाय. मागून बोट फिरवलं की लागतं. मी शिवणारी बाई, मला हाताला आधी कळतं.

बाबांच्या शेवटच्या हिवाळ्यात एक हीटर प्लग गेला होता. तू म्हणालीस, इकडे चांगल्या बनावटीचे मिळतात, मी आणते. दोनदा आलीस, दोन्ही वेळा विसरलीस. बाबा हसून म्हणाले होते, वायसर मोठ्या पगाराची झाली, आता प्लग कुठले लक्षात राहणार. नंतर, सगळं संपल्यावर, तू आलीस तेव्हा पर्समधून एक लांबट डबी काढलीस आणि हत्यारांच्या फळीवर ठेवलीस. मी पाहिलं. तू मला पाहताना पाहिलंस. दोघी स्वयंपाकघरात निघून गेलो. डबी अजून तिथंच आहे, सील न फोडलेली. त्या दिवसापासून तू मला दर दोन महिन्यांनी एखाद्या नव्या गाडीचं माहितीपत्रक पाठवतेस, आणि मी ते वाचते, खुणा करते, आणि ठेवून देते.

आता ऐक. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

त्या सकाळी गाडी सुरू झाली होती.

पहाटेपासून बाबांच्या छातीवर दाब होता. मी त्यांना माझ्या नेहमीच्या जागेवर बसवलं आणि स्वतः किल्लीपाशी बसले. वेटोळं पेटलं, विझलं, किल्ली फिरवली. पहिल्या वेळी नाही, दुसऱ्या वेळी लागली. पांढरा धूर निघाला, गाडी सगळी थरथरली. ते कान लावून म्हणाले, तीनच सिलिंडर चालतायत, चौथं मागून येईल. आणि आलंही. मी गिअर टाकणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. बंद कर, म्हणाले. थोडं बसू.

तुला सांगितलं नव्हतं आम्ही, पण डॉक्टरांनी सहा महिने आधीच सांगितलं होतं की हृदय थकलंय. ऑपरेशनला ते नाही म्हणाले. ज्या इंजिनाचे सगळेच भाग झिजलेत ते उघडायचं नाही, चालतंय तोवर चालवायचं, हे त्यांचं गॅरेजातलं तत्त्व त्यांनी स्वतःलाही लावलं. आणि तुला कळवायचं नाही, अशी मला शपथ घातली. मी तेव्हा भांडले, रडले, दोन दिवस बोलले नाही. पण त्या सकाळी हाताला हात लागला आणि मी किल्ली मागे फिरवली. अहो, नंतर बसू, दवाखान्यात जाऊन बसू, असं म्हटलं मी. ते म्हणाले, तिथं आपल्याला शेजारी कोण बसू देतंय.

सात-आठ मिनिटं बसलो असू. ते पहिल्यांदाच त्या बाजूला बसले होते. माझ्याकडे बघत म्हणाले, तीस वर्षं तुझा एकच गाल बघत आलो. या गालावर तुला तीळ आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. तीळ नव्हता तो. आदल्या संध्याकाळी कापड बेतताना लागलेला निळ्या खडूचा ठिपका होता. मी सांगितलं नाही. तेवढ्यात त्यांची मान कलली. मी किल्ली फिरवली, आणि या वेळी इंजिन एका झटक्यात लागलं. मी गाडी कशी नेली, मला आठवत नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, एवढा उशीर का झाला? माझ्या तोंडून गेलं, गाडी सुरू होईना. मी त्यांचं ऐकून बसून राहिले, हे मला म्हणता आलं नाही. मग शेजाऱ्यांना तेच सांगितलं. मग तुझा फोन आला. तू विचारलंस, हीटर प्लग? आणि मी हो म्हणाले. एका शब्दात म्हणाले. तो शब्द तुझ्यावर जाऊन बसला, हे मला त्या डबीपर्यंत कळलं नव्हतं. आणि कळल्यावरही दोन वर्षं मी गप्प राहिले, कारण खरं बोलले असते तर मला तुझ्यापुढे उभं राहावं लागलं असतं.

हल्लीच्या सीटमध्ये कुशीला हवेची पिशवी असते. तिथलं कव्हर शिवताना आम्ही मुद्दाम कच्चा दोरा वापरतो, धडक बसली की ती शिवण आधी उसवली पाहिजे. पक्की शिवण घातली तर पिशवी आत अडकते आणि माणूस जातो. ही गोष्ट मी चार शिकाऊ मुलींना घोकून घेतली आहे. स्वतः मात्र तुझ्यामाझ्यात नेमक्या त्या जागी पक्का दोरा घातला.

हे सगळं मी लिहिलं ते गाडीसाठी नाही, तुझ्या तक्त्यातल्या त्या पहिल्या ओळीसाठी. ती खोड. तू प्लग आणले असतेस तरी गाडी दुसऱ्याऐवजी पहिल्या वेळी लागली असती, आणि त्यांनी ती तशीच बंद करायला लावली असती. माझ्यावर रागवायचं असेल तर रागव, बोलायचं नसेल तर आठवडाभर बोलू नकोस, तो तुझा हक्क आहे. पण शनिवारऐवजी शुक्रवारीच ये. दोष माहीत असलेली गाडी दुरुस्त केल्याशिवाय कुणाच्या हातात द्यायची नाही, हा बाबांचा नियम तुला माझ्याहून जास्त पाठ आहे. फळीवरची डबी फोडू. पान्हा मी देईन, प्लग तू बसव. मग तू किल्लीपाशी बस, मी शेजारी बसते. वेटोळं विझेपर्यंत तुला जे काय म्हणायचं असेल ते म्हण, मी उत्तर देणार नाही. त्यानंतर शनिवारी ती गाडी जाऊ दे. नवी मला आवडली आहे, हो म्हणून कळव. फक्त त्या विक्रेत्याला सांग, कव्हरं मी माझी घालणार.

वाट बघणारी,
तुझीच आई