बुधवार पेठेतला हिरवा घट

॥ श्री ॥

खराडी, पुणे
३० जून २०२५

चि. निशास,
विजयमाला काकीचे भरभरून आशीर्वाद.

वि. वि. हाताने पत्र लिहून त्याचा फोटो पाठवतेय, हसू नकोस. फोनवर बोलायला लागले की तुझे काका कान टवकारून शेजारी येऊन बसतात, आणि आज मला त्यांच्याबद्दलच बोलायचंय.

थायलंडच्या सरकारने गांजा परत बंद केला, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचा नाही, हे खरं का गं? तीन वर्षांपूर्वी त्यांनीच मोकळा केला होता ना? तिकडच्या व्यापाऱ्याचा काकांना निरोप आलाय की दिवे पाठवू नका. बुधवार पेठेतल्या माडीवर, आपल्या कारखान्यात, झाडं वाढवायच्या दिव्यांची खोकी छताला टेकलीत. कल्याणी आणि शर्मिला सोल्डरिंगची हत्यारं पुसून नुसत्या बसून असतात. काका म्हणाले, बरं झालं, आता निवांत पेपर वाचता येईल. आणि पेपराची घडीसुद्धा मोडली नाही.

तू तिकडे औषधी फुलं पिकवतेस असं मी सगळ्यांना सांगत आलेय. आनंदीवन्संनी बातमी वाचली आणि लगेच फोन करून विचारलं, की भाचीच्या फुलांना कीड लागली म्हणे! मी म्हटलं, हो, सरकारी कीड आहे.

मस्करी राहू दे. तुझे काका कारखाना बंद करतील अशी मला धास्ती लागलीय. खरं काय ते कळव. तब्येतीला जप आणि काकीवर माया राहू दे.

तुझी,
विजयमाला काकी


चिआंग माई
९ जुलै २०२५

ती. सौ. काकीस,
शि. सा. नमस्कार.

वि. वि. बातमी खरी आहे. आमच्या गल्लीत एकाला लागून एक अशी हिरव्या पानाच्या पाटीची दुकानं होती. परवा जाऊन पाहिलं तर अर्ध्या पाट्या उतरलेल्या. एका ठिकाणी आता नूडल्स मिळतात आणि काउंटर मात्र तोच, काचेचा. मी रस्त्यात उभी राहून बघतच राहिले गं. एवढा मोठा बाजार उभा राहताना पाहिला आणि आता गुंडाळला जातानाही पाहतेय. काही दुकानं डॉक्टर नेमून टिकतील म्हणतात, पण आमच्या मालकीणबाईंना तो खर्च झेपणार नाही.

पण काकी, आमच्या लागवडीच्या खोलीचं दार उघडलं की आत काहीच झालेलं नसतं. काकांच्या दिव्यांखाली झाडं माझ्या खांद्याला आलीत. त्या वांगी रंगाच्या उजेडात पानन्‌पान वर तोंड करून असतं. कायदा बदललाय हे त्यांना कोण सांगणार? ही शेवटची कापणी, मग खोली रिकामी करायची आहे. इतकी वर्षं हे काम करूनही मला अजून तिथे गेलं की हळू बोलावंसं वाटतं. तू बघायला हवं होतंस, आणि काकांनी तर हवंच होतं.

काकांना म्हणावं, दिव्यांत खोट नाही. दिवे विकून टाकायची घाई करू नका. आशीर्वाद असू द्या.

आपली,
निशा


॥ श्री ॥

खराडी
२८ सप्टेंबर २०२५, सातवी माळ

चि. निशास,
काकीचे आशीर्वाद आणि गालावरून हात.

वि. वि. ठरलं बाई एकदाचं. दसऱ्याला हत्यारांची पूजा करायची आणि माडीची किल्ली श्यामसुंदरशेठना द्यायची. त्यांना तिथे मोबाईलच्या कव्हरांचं गोदाम करायचंय. दिवे भंगारात. मी रडले, भांडले, अबोला धरला. ह्यांनी एवढंच सांगितलं, की शेवटचं वर्ष आहे, या वेळी घट कारखान्यात बसव.

घटाला दरवर्षी मी नर्सरीतून पिशवीतली माती आणते. या वर्षी मन होईना. आपल्या गेलेल्या शेतावर आता ज्या कंपनीची इमारत आहे, तिथे मागे पार्किंगसाठी खोल खणलंय. वॉचमनला विनवून पाटीभर माती आणली. काळीभोर, ओलसर! इतकी वर्षं काँक्रीटखाली राहून माती अशी कशी राहते गं? ही कुठली माती ते मी ह्यांना सांगितलं नाही, उगाच जखमेवर मीठ नको.

माडीवर खोक्यांनी देवाचा कोपरा झाकलाय. म्हणून परडी तपासणीच्या टेबलावर मांडली, सात धान्यं पेरली, बाजूला समई लावली. आता चूक ऐक. त्या टेबलावर तपासणीचा एक दिवा कायम लटकत असतो. काम बंद असलं तरी शर्मिला सवयीने रोज सकाळी आल्या आल्या बटण दाबते. कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

निशा, अंगावर काटा आला! घटाचं धान कसं असतं? सावलीतलं, पिवळं, लवचिक. हे हिरवंगार, दाट, वीतभर, बोट शिरणार नाही असं. पेठेतल्या बायका जिना चढून बघायला येताहेत आणि चपला काढून हात जोडताहेत. आनंदीवन्सं म्हणाल्या, देवीला तुमच्याकडे लाइटबिल लावता का! पण त्याही बराच वेळ हलल्या नाहीत.

असा घट चालतो का? काही अशुभ तर नाही? हे अजून जवळ आलेले नाहीत, खुर्चीवरून लांबूनच बघतात. लवकर लिही, जीव अडकलाय.

तुझी,
काकी


चिआंग माई
३० सप्टेंबर २०२५

ती. सौ. काकीस,
शि. सा. नमस्कार.

वि. वि. अशुभ कसलं गं वेडे! सावलीत धान पिवळं राहतं कारण ते उजेड शोधत असतं. तुझ्या घटाला तो मिळाला. पत्र वाचून मी इथे रिकाम्या खोलीत बसून रडले. आनंदानेच गं.

एक गोष्ट मला आत्ता उमगली. काकांनी हजारो दिवे केले, पण त्यातल्या एकाखालीही काही उगवलेलं त्यांनी कधी पाहिलं नाही. त्यांनी पाहिल्या त्या फक्त वायरी. त्यांना हाताला धरून टेबलापाशी ने. आणि माती कुठली तेही सांगून टाक.

माझं काम आज संपलं. पुढचं काही ठरलेलं नाही. दसऱ्याचा नमस्कार आत्ताच घ्या, मला विसरू नका.

आपली,
निशा


बुधवार पेठ
३ ऑक्टोबर २०२५

चि. निशा,
आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. चुकलं तर सोडून दे.

काल पूजा झाली. श्यामसुंदरशेठ किल्लीसाठी दारात उभे होते. तुझ्या काकीने दंडाला धरून मला टेबलाशी नेलं. टोपीत खोवायला धान उपटलं, तर मुळांसकट मातीचा गड्डा वर आला. वास आला आणि मी ओळखलं. तिने सांगायच्या आधी ओळखलं. विहिरीकडच्या तुकड्याची माती हाय ती. जमीन गेल्यापासून मी त्या रस्त्याने मान वर करून गेलो नाही, पोरी. तो गड्डा ओंजळीत घेऊन मी तिथेच खाली बसलो. कल्याणीला वाटलं चक्कर आली, ती पाणी घेऊन धावली.

मी दिव्याकडे बघितलं, धानाकडे बघितलं. हे आपल्या हातून झालं यावर विश्वास बसेना. अजून बसत नाही.

शेठना म्हणालो, माफ करा, जागा रिकामी नाही. ते म्हणाले, मग एवढे जिने चढायला लावलेत कशाला. म्हटलं, दर्शन झालं ना, फुकट?

आज सगळी खोकी फोडली. चार मांडण्या उभ्या केल्या, वर दिवे टांगले. वॉचमनला सांगून टेम्पोभर माती आणली. काकी म्हणते मेथी, शर्मिला म्हणते पालक. मी पेरणी विसरलोय. माझे वडील असते तर त्यांना विचारलं असतं. आता घरात शेती येणारी तू एकटीच हायस.

माती ओली करून ठेवलीय. वाळायच्या आत ये.

तुझा काका,
मच्छिंद्र